कोंबडा, कुत्रा आणि घोडा

एखादी सरकारी योजना पुरेशा तयारीवाचून जाहीर झाली आणि फसली, की इंग्रजी वृत्तपत्र लिहिते की ती ‘हाफ कॉक’वर उडाली. विद्यार्थी कोश उघडतो. ‘कॉक’ म्हणजे कोंबडा, हा पहिलाच अर्थ त्याला सापडतो, आणि अर्ध्या कोंबड्याचे काय करावे हे त्याला उमजत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. शब्दामागचे यंत्र त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

हे यंत्र म्हणजे जुनी बंदूक. सतराव्या शतकात युरोपात रुळलेल्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटीचा तुकडा घट्ट धरणारा एक वाकडा लोखंडी जबडा असे. मान, चोच आणि तुरा यांचा भास व्हावा असा त्याचा आकार असल्यामुळे त्याला कोंबड्याचे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. हा जबडा कमानीच्या ताणाविरुद्ध मागे ओढून खाचेत अडकविणे, म्हणजे बंदूक ‘कॉक’ करणे. चाप ओढताच तो पोलादी पट्टीवर आदळे, ठिणग्या रंजकीवर पडत आणि कानावाटे विस्तव आतल्या दारूपर्यंत पोहोचे. अलीकडे आणखी एक खाच असे. तीत अडकलेला जबडा चाप ओढूनही सुटू नये, अशी ती सुरक्षिततेची योजना होती. खाच झिजली, की नको त्या वेळी बार उडे. वाक्प्रचार आला तो येथून. पुढे गारगोटी गेली, तिच्या जागी हातोडी आली. क्रियापद मात्र टिकले.

जर्मनांनाही येथे कोंबडाच दिसला. त्यांचा ‘हान’ हा शब्द पक्षी, बंदुकीचा हा भाग आणि नळाची तोटी या तिन्हींना चालतो. इंग्रजीतही तोटी ‘कॉक’च, आणि ‘गॅसचा कॉक बंद कर’ असे बजावणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणीला आपण एका पक्ष्याचे नाव घेत आहोत, याची कल्पना नसते! फ्रेंचांना आणि इटालियनांना त्याच जागी कुत्रा दिसला, तर स्पॅनिश भाषेत चापाचे नाव लहानशा मांजरावरून पडले.

मराठीने घोडा पाहिला. आज बोलण्यात घोडा आणि चाप यांची सरमिसळ होते, मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्खे पिस्तूलच ‘घोडा’ झाले. पण मूळचा घोडा ‘कॉक’च्याच जागेवरचा. तेव्हा ‘घोडा अर्ध्यावर असतानाच बार उडाला’ हे त्या इंग्रजी वाक्प्रचाराचे चोख मराठी रूप होय. त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याचे कारण नव्हते. तोड्याची बंदूक, तोफेचा कान, रंजक, बत्ती ही सारी सामग्री भाषेत होतीच. आज ‘रंजक’ म्हटले की वाचकाला मनोरंजक गोष्ट आठवते, बत्ती देण्यापूर्वी कानावर घालावयाची दारू आठवत नाही. पाठ्यपुस्तकांतील इतिहासात लढायांच्या सनावळ्या राहिल्या, पण ज्या हत्यारांनी त्या लढल्या गेल्या, त्यांच्या अवयवांची नावे गळाली. ‘चकमक’ तेवढी उरली आहे. तीही लढाईच्या अर्थाने, गारगोटीच्या नव्हे.