‘ग्रंथपालाला कसलं आलंय प्रशिक्षण?’ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमच्या शाळेच्या दाखल नोंदवहीत ‘श्यामची आई’ चार वेळा आहे. एका नोंदीत लेखक ‘साने गुरुजी’, दुसरीत ‘पां. स. साने’, तिसरीत ‘साने पांडुरंग सदाशिव’ आणि चौथीत, बहुधा घाईत, नुसतंच ‘गुरुजी’. वही वाचणाऱ्या माणसाला हे चौघे एकच आहेत हे सांगावं लागत नाही. आमच्या भागात तर नाहीच नाही, कारण गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. पण हीच वही मी संगणकात भरली, तेव्हा संगणकाने चार वेगळे लेखक केले. सातवीतल्या एका मुलाने ‘साने गुरुजी’ असं शोधलं. त्याला एकच प्रत दिसली आणि ती कोणीतरी घरी नेलेली होती. बाकीच्या तीन प्रती त्याच्यापासून चार पावलांवर कपाटात उभ्या होत्या. तो हात हलवत परत गेला.

यावर उपाय आहे. लेखकाचं एक प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकीची सगळी रूपं त्याला जोडून ठेवायची. तालिकीकरण आम्ही सर्टिफिकेट कोर्सला शिकलो होतो, पण ते कार्डांवर. संगणकावर हे कसं करतात ते मला रात्री जेवणं आटोपल्यावर, मोबाईलवर एक धडा बघताना कळलं. तो धडा फुकट होता आणि कुठे जावं लागलं नव्हतं. तेव्हापासून जळगाव-धुळ्यातल्या शाळांमधल्या ग्रंथपाल मंडळींशी मी या विषयावर बोलत आले आहे आणि काही वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडत आली आहेत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “प्रशिक्षण शिक्षकांना, आपण शिक्षकेतर.” यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत येतो. 2019 साली सुरू झालेलं आणि 2020 पासून दीक्षा पोर्टलवर ऑनलाइन आलेलं ‘निष्ठा’ प्रशिक्षण शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी आखलेलं होतं. आपलं नाव त्या यादीत नसतं, हे दुखतं आणि दुखायलाच हवं. पण म्हणून आपल्यासाठी काहीच नाही, हे खरं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांची आणि सार्वजनिक ग्रंथालयं वाढवण्याबरोबरच ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी बढतीचे मार्ग आणि सातत्याचं व्यावसायिक प्रशिक्षण आखावं असं लिहिलं आहे. आपल्या मागणीला हा कागदोपत्री आधार आहे. संस्थेकडे अर्ज करताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

ती मागणी मान्य होईपर्यंतही थांबायचं कारण नाही. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै 2017 मध्ये सुरू झालं. तिथे नाव नोंदवताना तुम्ही शिक्षक की शिक्षकेतर, पूर्णवेळ की अर्धवेळ, यावर प्रवेश अडत नाही. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक्रमही तिथे असतात. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा देताना शुल्क भरावं लागतं. एवढंच लक्षात ठेवायचं की अभ्यासक्रम साधारण जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात आणि परीक्षेची नोंदणी ठरलेल्या तारखेला बंद होते. पहिल्या खेपेला मी सगळे व्हिडिओ बघितले, स्वाध्याय केले आणि नोंदणीची तारीख हुकवली. शिकलेलं वाया गेलं नाही, पण प्रमाणपत्र मिळालं नाही.

प्रमाणपत्राचा विषय निघाला की दोन टोकं दिसतात. एक जण म्हणतो, “ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतंय?” दुसरा जण मोबाईलवर मिळालेली पंचवीस प्रमाणपत्रं फाईलला लावून वरची वेतनश्रेणी मिळायची वाट बघतो. दोघांचीही चूक एकच आहे. पदवी वेगळी आणि छोट्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र वेगळं, हा भेद दोघांनीही केलेला नाही.

आधी पदवीचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे विनियम 2020 साली आले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची या मार्गाने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा असे काही विषय या मार्गाने शिकता येत नाहीत, पण ग्रंथालयशास्त्र त्या यादीत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचं आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 सालचं. सर्टिफिकेटवर नोकरीला लागलेले आणि पुढे नोकरी सांभाळून बी.लिब. झालेले ग्रंथपाल आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शोधावे लागत नाहीत. फी भरण्याआधी मात्र आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जायचं आणि ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्हींना मान्यता आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. एजंटच्या पत्रकावर विसंबायचं नाही. आता अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी काढावा लागतो आणि तो त्याच विभागाच्या संकेतस्थळावर निघतो. तो काढायला जाताना ही तपासणीही करून घ्यावी.

छोट्या अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्राने पदाची पात्रता बदलत नाही. वेतनश्रेणी नियमांत लिहिलेल्या शैक्षणिक पात्रतेवरच ठरते. लॉकडाऊनमध्ये दहा प्रश्नांची उत्तरं दिली की रंगीत ई-प्रमाणपत्र यायचं. त्या प्रमाणपत्रांचा ना पगाराला उपयोग, ना कपाटातल्या पुस्तकांना. चाळीस तासांचा नीट केलेला अभ्यासक्रम मात्र कामात दिसतो.

आता इंग्रजीकडे येते. “सगळं इंग्रजीत असतं, आपल्याला झेपणार नाही.” ही भीती खोटी नाही. बरंच साहित्य इंग्रजीत आहेच. पण मराठीत काही नाही असंही नाही. मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययनाची पुस्तकं मराठीत आहेत. इंदिरा गांधी विद्यापीठाचं पाठ्यसाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर प्रवेश न घेताही वाचता येतं. संगणकाची मूलभूत कामं शिकवणारे आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे जेमतेम दहा-दहा मिनिटांचे आहेत आणि त्यातले बरेच मराठीतून ऐकता येतात. एक धडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करून बघायचं आणि मग पुढचा लावायचा. शिवाय आपल्या विषयातले इंग्रजी शब्द रोजच्या कामाचे असतात. दाखल क्रमांक, देवघेव, निर्लेखन, वर्गांक हे सगळं आपण रोज करतो, फक्त त्याची इंग्रजी नावं कानाला नवी असतात. ड्युईचा 891.46 हा आकडा मराठी साहित्याचा आणि 891.461 मराठी कवितेचा, हे ज्याला पाठ आहे त्याने इंग्रजी व्याख्यानाला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या आठवड्यापासून शब्द ओळखीचे वाटू लागतात.

“आधी कोहा बसवू द्या, मग शिकू” असं म्हणणारे कामसू असतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालायला जीवावर येतं. कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि जानेवारी 2000 मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते फुकट मिळतं, पण ते चालवायला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारं माणूसही लागतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ हाही एक पर्याय आहे. पण दीड-दोन हजार पुस्तकांच्या, अर्धवेळ ग्रंथपाल असलेल्या शाळेने आधी साध्या एक्सेलमध्ये स्वच्छ यादी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यादी स्वच्छ असेल तर ती पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जाते. घाण असेल तर सॉफ्टवेअरमध्येही घाणच जाते.

हे मी सोसून सांगते आहे. आमच्या शाळेत पूर्वी कोणीतरी मेहनतीने आठशे पुस्तकांची यादी टाईप करून ठेवली होती. ती मी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. यादी जुन्या फॉन्टमध्ये होती, युनिकोडमध्ये नव्हती. तो फॉन्ट असलेला संगणक कधीच भंगारात गेला होता. फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, हे मला ऑनलाइन शिकताना समजलं आणि आठशेपैकी बहुतेक नोंदी वाचल्या. जोडाक्षरं आणि रफार तेवढे हाताने दुरुस्त करावे लागले. ते काम तीन शनिवार पुरलं. मराठी युनिकोडमध्ये टाईप करणं हा ग्रंथपालाने शिकायचा पहिला धडा आहे, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

व्हिडिओ बघायला मोबाईल पुरतो, सरावाला मात्र संगणक हवा. शाळेच्या संगणक कक्षात आठवड्याला एक तास मागून घेतला तरी भागतं. पूर्वी कार्यशाळा म्हणजे नाशिक नाहीतर पुणे. रावेर किंवा शिरपूरहून निघायचं तर अख्खा दिवस गाडीत जायचा आणि रजा, भाडं, मुक्काम सगळं पदरचं. अर्धवेळ पगारात ते परवडत नव्हतं. अशा अर्धवेळ ग्रंथपालासाठी घरबसल्या शिकण्याची ही सोय फार मोलाची आहे.

आणखी एक समज आहे, ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे सगळं संगणकाचंच. मला हा सगळ्यात नुकसानीचा वाटतो, कारण शाळेतलं ग्रंथालय मुलांसाठी असतं आणि मुलांपर्यंत पुस्तक कसं न्यायचं हेही शिकावं लागतं. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाचा ग्रंथालय शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम हिंदी आणि इंग्रजीत चालतो. त्यात काही दिवस प्रत्यक्ष भेटीचे आणि बाकीचा अभ्यास घरून असतो. वाचून कसं दाखवावं, पुस्तकाची ओळख कशी करून द्यावी, मांडणी मुलांच्या उंचीला कशी आणावी, अशा गोष्टींची तिथे चर्चा होते. साहित्यही हाताशी आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी चित्रकथा मुक्त परवान्याने मिळतात, म्हणजे उतरवून छापल्या तरी चालतं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन वाचता येतात. आजी-आजोबांनी वाचलेला अंक नातवाला दाखवता येतो.

वाचून दाखवताना मी पूर्वी दर पानाला प्रश्न विचारायचे. “मुलांनो, काय शिकलात?” पुढे एका ऑनलाइन सत्रात वाचून दाखवण्याची चित्रफीत बघितली. ती बाई पान उलटण्याआधी नुसती थांबायची. मीही तसं करून बघितलं. पाचवीतला एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, त्या शांततेत म्हणाला, “मंग काय व्हयनं, मॅडम?” घरी अहिराणी बोलणारं पोर पुस्तकातल्या मराठीला त्याच्या भाषेत प्रश्न विचारत होतं. मी पान उलटलं. साक्रीकडच्या आणि शिरपूरजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत तर मुलांच्या घरी भिलोरी आणि पावरी असते. तिथे थांबायला येणं हे संगणक येण्याइतकंच मोठं कौशल्य आहे.

शेवटचा गैरसमज आपल्याच मोबाईलवर रोज येतो. “पीडीएफ पाठवली की झाली डिजिटल लायब्ररी.” ज्या पुस्तकाचा हक्क चालू आहे त्याची स्कॅन केलेली प्रत गटात टाकणं बेकायदा आहे आणि लेखक-प्रकाशकांवर अन्यायकारकही. पण कायदा समजून घेतला तर तो वाटही दाखवतो. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं आहे.

बहिणाबाईंचं थोडं वेगळं आहे. आधी त्यांची नोंदच नीट करावी लागते. कारण संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1880 सालच्या, आणि यादीत नुसतं ‘बहिणाबाई’ लिहिलं की अभंग आणि ओव्या एकाच बाईच्या नावावर जातात. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली, त्यांच्या मागे छापली गेली. लेखकाच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या पहिल्या आवृत्तीतल्या कविता 2013 पासून खुल्या झाल्या. त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे 1969 साली गेले, म्हणजे प्रस्तावनेवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत चालू आहे. आमच्याकडची जीर्ण झालेली पहिली आवृत्ती यंदा स्कॅन करायला घेतली आहे. कविता मुलांना मिळतील, प्रस्तावनेची पानं तूर्त कपाटातच राहतील.