गाठ बघितली का?

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले, घरी तान्हं लेकरू, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. तिच्या मायेचं आपण खूप बोलतो. ती उतरली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही.

रायगडाचा दगड म्हणजे आपल्या झरीकडच्या विहिरींत लागतो तोच काळा पाषाण, बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. थराथराला पायरीसारखी कड असते, कपारीत गवत असतं. हाताला धरायला मिळतं, पण धरलेली कड कधी निखळून हातातही येते. नांदेडच्या पुढे देगलूर-बिलोलीकडे गेलं की दगड बदलतो. तिथं ग्रॅनाइट लागतो, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, खडीसाखरेसारखे कण चमकणारा. कर्नाटकात हंपीला तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवर त्याच्याच टेकड्या आहेत. तिथं देशोदेशीचे लोक दगड चढायला येतात. हा दगड घट्ट, पण त्याला पायऱ्या नसतात. असते ती उभी चीर. तिच्यात बोटं घालून पाचरीसारखी अडकवायची, आणि पाय नुसत्या खरबरीत दगडावर टेकवायचे.

अमेरिकेत योसेमिटी म्हणून जागा आहे. तिथं मर्सेड नदीच्या दरीत एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा उभा आहे, सुमारे 3000 फूट. साठ फुटांच्या पन्नास विहिरी एकावर एक ठेवा, तेवढा! त्यावरची 'नोज' नावाची वाट पुरुष 1958 मध्ये पहिल्यांदा चढले, पण खिळे ठोकून, त्यांच्या आधाराने. फक्त हातापायांच्या बळावर, दोर केवळ पडलं तर झेलायला, अशी ती वाट पहिल्यांदा चढली एक बाई. लिन हिल, 1993 साली. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. वर छपरासारख्या खडकाखाली चीर फार बारीक होते. तिथं तिची लहान बोटं कामाला आली.

पण हीच लिन 1989 मध्ये फ्रान्समध्ये पडली होती. रोजचीच, सोपी चढाई. दोर कमरेच्या पट्ट्यातून ओवला, तेवढ्यात दुसरीशी बोलण्यात लक्ष गेलं आणि गाठ मारायची राहिली. वर पोचून दोरावर भार टाकला, तर दोर सुटून आला. सत्तर-पंच्याहत्तर फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांत अडकत पडली म्हणून वाचली. कोपर निखळलं, पाय मोडला. दुनियेतली एवढी पटाईत बाई, आणि गाठ विसरली.

म्हणून चढणारी आणि खाली दोर धरणारी, दोघी एकमेकींची गाठ हाताने चाचपून बघतात. दर वेळी. चढणारी कितीही जुनी असो, त्यात कमीपणा नाही.

आता आपलं बघा. उन्हाळ्यात विहिरीत पडलेला पोहरा काढायला, गाळ काढायला कुणीतरी उतरतंच. कमरेला कासरा बांधतात. नुसत्या कमरेवर माणूस लटकलं की बरगड्या दाबून श्वास कोंडतो. चढणाऱ्यांचा पट्टा मांड्यांतूनही जातो, भार मांड्या घेतात. त्यांचा दोरही थोडा ताणतो, झटका सोसतो. आपला कासरा ताणत नाही, पडणारीचंच अंग हिसका खातं. त्याच्या भरवशावर कुणाला उतरवू नका. मी स्वतः लहानपणी असा कासरा धरून उभी राहिले आहे, आणि वरची गाठ कुणी मारली हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांची गाठ शिकायला सोपी आहे. दोराचं पुरेसं लांब टोक सोडून इंग्रजी आठाचा आकार करा. टोक पट्ट्यातून ओवा. मग त्याच आठाच्या वाटेने टोक परत फिरवत आणा आणि ओढून घट्ट करा. प्रत्येक वळणावर दोन पदर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, टोक वीतभर उरलं पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना चार हात दोर घेऊन या. खुर्चीच्या पायाला बांधून बघू, आणि शेजारणीची गाठ शेजारणीने तपासायची.