समतेची सनद आणि घराचे खरेदीखत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी ज्या अमेरिकनांनी स्वार्थत्याग केला त्यांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. त्या अर्पणाला आता दीडशे वर्षे उलटून गेली. जोतीरावांची कृतज्ञता मुळीच अस्थानी नव्हती. परंतु गुलामाच्या पायातली बेडी तोडणे निराळे आणि मुक्त झालेल्या माणसाला पाय रोवायला जागा देणे निराळे. अमेरिकेने हे दुसरे कार्य अद्याप पुरे केलेले नाही.

त्या राष्ट्राचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. १८६५ साली तेथील राज्यघटनेनेच गुलामगिरी नष्ट केली. १९६४ व १९६५ च्या कायद्यांनी नागरी हक्कांना आणि मताधिकाराला संरक्षण दिले. १९६० साली केनेडी यांच्या रूपाने पहिला कॅथलिक आणि २००८ साली ओबामा यांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून आला. मग वाद उरला कुठे? तो उरला आहे तिजोरीत! अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ सालच्या पाहणीनुसार, संपत्तीच्या क्रमाने कुटुंबे ओळीने उभी केली तर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता, देणी वजा जाता, सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर भरते. तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची भरते सुमारे ४५ हजार.

हे अंतर आळसाने पडले, असे सांगणारे शहाणे सर्वत्र भेटतात. वस्तुस्थिती अशी की, ते सरकारी शिक्क्यानिशी पाडण्यात आले. सामान्य अमेरिकन कुटुंबाची मुख्य पुंजी म्हणजे राहते घर. १९३४ साली गृहकर्जांना हमी देण्यासाठी संघ सरकारने जी यंत्रणा उभारली, तिने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना हमी नाकारली आणि खरेदीखतात वांशिक बंदीचे कलम घालण्याची शिफारस केली. असली कलमे कृष्णवर्णीयांना वगळीतच, पण कित्येक ठिकाणी ज्यूंनाही वगळीत. वंशद्वेष आणि धर्मद्वेष एकाच शाईने लिहिले गेले! न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून लेव्हिटटाउन ही प्रचंड वसाहत युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी उभी राहिली. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मात्र तेथे मज्जाव होता.

१९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी बंद केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरे विकताना वा भाड्याने देताना वंश आणि धर्म पाहण्यास कायद्याने बंदी झाली. पण तोवर स्वस्तात घेतलेली घरे महाग झाली होती. ज्याला काल कलम आड येत होते, त्याला आज किंमत आड आली.

हे दुष्टचक्र घरापाशी थांबत नाही. अमेरिकेत शाळांचा खर्च बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता-करातून भागतो. त्यामुळे जिथे घरे महाग, तिथे शाळा संपन्न. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. अनेक उपनगरांचे बांधकामाचे नियम तर स्वस्त भाड्याच्या इमारतींना थाराच देत नाहीत. १९६८ च्या कायद्यातील निषिद्ध भेदांच्या यादीत गरिबीचा उल्लेख नाही. ज्याला उघडपणे रंग विचारता येत नाही, तो निमूटपणे पैसा विचारतो. आणि उत्तर पुष्कळदा तेच मिळते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ नांदू दिली, तर लोकशाहीच धोक्यात येईल. इशारा भारताला होता. पण तो अमेरिकेलाही तंतोतंत लागू पडतो. ज्या सरकारने हमी नाकारून विषमता पोसली, त्याच सरकारने घराला आणि शाळेला हमी देऊन ती मोडली पाहिजे. ‘आता सारे समान आहेत’ अशी दवंडी पिटल्याने जुने देणे फिटत नाही. जोतीरावांचे अर्पण पूर्णपणे सार्थ व्हावयाचे असेल, तर समतेची सनद घराच्या खरेदीखतात उतरली पाहिजे!