उसाचं बिल आणि आषाढाची चणचण

बोजा उतरवताना : लेखांक ६

मागच्या आठवड्यात घरातल्या सगळ्या देण्यांची यादी एका कागदावर करायला सांगितली होती. यादी झाली की पुढचा प्रश्न असतो, आधी कोणाचं फेडायचं. त्याचं उत्तर व्याजाच्या दरावर अवलंबून असतं, तितकंच गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो त्यावरही असतं. म्हणून आज अकलूजकडे पाहू.

नीरेच्या काठचं हे गाव आणि आजूबाजूचा माळशिरस तालुका उसावर उभा आहे. शंकरनगरचा सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील कारखाना जवळ, श्रीपूरचा पांडुरंग कारखाना फार लांब नाही. इथल्या मध्यम शेतकऱ्याच्या घरात पैसा दोन वाटांनी येतो. उसाचं बिल हंगामात एकदम येतं, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. देणी मात्र या दोन्ही तारखा पाहत नाहीत. बायकांच्या गटाचा हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला, मोबाइल-दुचाकीचा महिन्याला, सोनेतारणाचं व्याज वर्षाला आणि खताच्या दुकानदाराचं ‘बिल आलं की’.

हिशेबासाठी एक घर धरू. दीड एकर ऊस, एकरी ४० टन, म्हणजे ६० टन. टनाला २,८०० रुपये हातात आले तर १ लाख ६८ हजार. दोन गाईंचं मिळून रोज २० लिटर दूध, लिटरला ३२ रुपये. दहा दिवसांचे ६,४०० होतात, त्यातून पेंड, भुसा आणि डॉक्टर वजा जाता महिन्याला दहाएक हजार उरतात. घरात माणसं पाच. देणी अशी : विकास सोसायटीचं पीककर्ज १ लाख, पतसंस्थेत सोनं ठेवून काढलेले ६० हजार वर्षाला १४ टक्क्यांनी, खताच्या दुकानाची उधारी १८ हजार, सुनेच्या नावावर गटाचं ५० हजारांचं कर्ज आणि एका ओळखीच्याकडून शेकडा तीननं घेतलेले ४० हजार. हे घर काल्पनिक आहे, पण यातली एखादी तरी रक्कम ओळखीची वाटणार नाही असं घर या पट्ट्यात कमी सापडेल.

आता बिल येतं तेव्हा काय होतं ते पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. व्यवहारात बहुतेक ठिकाणी पहिली उचल, मग दुसरा हप्ता, मग जमलं तर दिवाळीला काहीतरी, असं चालतं. त्याआधीच टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री शेतकऱ्याच्या खिशातून गेलेली असते. ती कोणत्याही पावतीवर येत नाही. आणि सोसायटीचं देणं तर कारखाना परस्पर कापून घेतो. म्हणजे १ लाख ६८ हजारांचं बिल घरात पोचतं ते ६८ हजारांचं होऊन.

या ६८ हजारांचं काय करायचं यावर घरात जी चर्चा होते ती मोठी रंजक असते. सासूबाई म्हणतात, आधी सोनं सोडवा, पोरीच्या सासरची माणसं लग्नाला येणार आहेत, गळ्यात काय घालायचं? मालक म्हणतात, दुकानदार रोज रस्त्यात भेटतो, त्याचं आधी मिटवू. ज्याच्याकडून शेकडा तीननं घेतले तो बिचारा काही बोलत नाही. महिन्याला १,२०० रुपये मिळतात, तोवर त्याला घाई कशाला असेल?

आकडे मात्र बोलतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. त्या ४० हजारांवर वर्षाला १४,४०० रुपये जातात आणि मुद्दल तिथंच. हेच ४० हजार सोन्याच्या कर्जात भरले तर वर्षाला व्याज वाचतं ५,६००. फरक ८,८०० रुपयांचा, म्हणजे या घराची जवळजवळ महिनाभराची दुधाची कमाई. तेव्हा दुकानदाराचे १८ हजार, खासगी ४० हजार आणि उरलेले १० हजार बाजूला, ही वाटणी मला योग्य वाटते. सोनं वर्षभर पतसंस्थेत राहिलं तरी चालेल. फक्त त्याचं वर्षाचं ८,४०० रुपये व्याज वेळेवर जायला हवं, नाहीतर लिलावाची नोटीस येते. त्यासाठी पैसे आहेत : पीएम किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार असे १२ हजार वर्षाला येतात, दोन-दोन हजारांच्या तुकड्यांत. तुकड्यांत आल्यामुळेच ते कधी आले आणि कशात गेले ते कळत नाही. हे पैसे सोन्याच्या व्याजाला बांधून टाकावेत.

सोन्याबद्दल आणखी एक. आपल्याकडे सोनं गहाण ठेवायला कोणाला संकोच वाटत नाही, मोडायला मात्र जिवावर येतं. वर्षानुवर्षं व्याज भरून त्याच बांगड्या दरवर्षी नव्यानं गहाण टाकणारी घरं आहेत. भाव चढलेला असताना एखादा जिन्नस मोडून बाकीचे कायमचे घरी आणणं हा मार्ग निदान बोलून तरी पाहावा. निर्णय जिचं सोनं आहे तिचा.

सोसायटीचं कर्ज मी मुद्दाम शेवटी ठेवतो आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. बिनव्याजी पैसा लवकर संपवायची घाई नको, पण त्याची तारीख चुकवायची नाही. इथंच अकलूजकडच्या शेतकऱ्याचा घोळ होतो. तोडणीचा नंबर उशिरा आला, ऊस मार्चमध्ये गेला आणि बिल ३१ मार्चनंतर जमा होणार असेल, तर सोसायटीची मुदत आधी येते. मग ‘नवं-जुनं’ करतात : कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलून त्याचे परत करायचे.

शहरातले सल्लागार याला नाकं मुरडतात. आकडे करून पाहिले तर ते तितकं वेडेपणाचं नाही. एक लाखाला दहा दिवसांचे शेकडा तीननं हजार रुपये. मुदत हुकली तर सवलत जाते आणि सहा-सात टक्क्यांनी सहा-सात हजार व्याज भरावं लागतं, वर थकबाकीदारांच्या यादीत नाव. हजारात सुटका होत असेल तर ती स्वस्तच. धोका वेगळा आहे. नवं कर्ज दहा दिवसांत मिळेल हे गृहीत असतं. ते दोन महिने लांबलं की हजाराचे सहा हजार होतात आणि फायदा बुडाला. म्हणून नवं-जुनं करण्याआधी सचिवाला एकच विचारावं : नवी मंजुरी झाली आहे का, की अजून व्हायची आहे?

माफीची वाट पाहणं हा दुसरा घोळ. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत थकबाकी माफ झाली, आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. नियमित फेडणाऱ्याला आपण फसलो असं वाटलं, त्यात खोटं काही नाही. तरीही माफी ही सोसायटीच्या आणि बँकेच्या पीककर्जाची असते. शेकडा तीनवाल्याची, गटाची, पतसंस्थेच्या सोन्याची कोणी करत नाही, आणि घर बुडतं ते त्यांनी.

आता घरखर्च. कर्जमुक्तीवरची पुस्तकं बाहेरचं खाणं कमी करा म्हणतात. या घरात बाहेरचं खाणं म्हणजे बाजाराच्या दिवशीची भजी. ती बंद करून काही फिटणार नाही. पैसा गळतो तो जावळ, वास्तुशांत, वाढदिवसाचा डिजिटल फलक आणि आहेरात. त्याहून जास्त दवाखान्यात. अकलूज हे आसपासच्या तालुक्यांचं दवाखान्यांचं गाव आहे, आणि हातापायाचं एक ऑपरेशन दोन हंगामांचं बिल घेऊन जाऊ शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या आजारांना. दाखल होतानाच आरोग्यमित्राला गाठायचं असतं. बिल भरून झाल्यावर विचारणारे जास्त.

पण सगळ्यात मोठी गळती कॅलेंडरात आहे. उसाचं बिल मार्च-एप्रिलपर्यंत येऊन वाटलं जातं. मग जून उजाडतो. शाळेची फी, वह्या, दप्तरं. आडसाली लागणीची सरी, बेणं, मजुरी. पावसाआधी गोठ्याचा पत्रा. आणि आषाढात वारी. तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला मुक्कामाला येते, गोल रिंगण होतं. ज्ञानोबांची पालखी त्याच दिवसांत नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते. तालुक्यात कोणत्याही रस्त्याला राहा, वारकरी दारात येतात आणि त्यांना जेवू घातल्याशिवाय कोणी सोडत नाही. पाहुणेही त्याच आठवड्यात. हा खर्च टाळा असं मी लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी कोणी ऐकणार नाही. मात्र तो दरवर्षी येतो. दरवर्षी येणाऱ्या खर्चाला आपण दरवर्षी अचानक आला म्हणतो, आणि शेकडा तीनचे पैसे घेतले जातात ते बहुतेक याच दीड-दोन महिन्यांत.

मघाशी बाजूला ठेवलेले १० हजार त्यासाठीच आहेत. मार्चमध्ये ते पोस्टात किंवा घरातल्या बाईच्या खात्यात टाकायचे आणि जूनपर्यंत हात लावायचा नाही. खासगी कर्ज गेल्यामुळे महिन्याचे १,२०० वाचतात, तेही तिथंच. आषाढात हे घर उसनं मागायला गेलं नाही तर अर्धी लढाई जिंकली असं समजायला हरकत नाही.

दुसरं एक पथ्य अवघड आहे. एप्रिलनंतर सोसायटीचं नवं एक लाख मिळतं ते नावाला पिकाचं असतं. त्यातून घराची डागडुजी होते, लग्नाचा बस्ता होतो, आणि खत पुन्हा उधारीवर येतं. त्या पैशातून खत रोखीनं घेतलं तर पुढच्या हंगामात दुकानदाराचे १८ हजार द्यायचे उरत नाहीत, उधारीचा चढा भावही पडत नाही. मग दुसऱ्या वर्षी हातात येणारे ६८ हजार मोकळे असतात आणि सोन्याचे ६० हजार एका फटक्यात फिटतात. दोन हंगाम. मधे मोठं आजारपण आलं नाही तर.

राहिला गटाचा हप्ता. ५० हजार, २४ महिने, वर्षाला २४ टक्के धरले तर महिन्याला सुमारे २,६४० रुपये. तो दुधाच्या पगारातूनच जातो. हल्ली लाडक्या बहिणीचे १,५०० त्यातच जाताना दिसतात. ओसरीवर केंद्र भरतं, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बसून राहतात, त्यामुळे हे देणं सहसा थकत नाही. थकतं ते घर. एका गटाचा हप्ता भरायला दुसरा गट धरला की त्याला अंत नसतो. एप्रिल २०२२ पासून लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे नियम इथल्या बायकांना माहीत असावेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज मिळतं, आणि घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. दराचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागून घ्यावा.

दुचाकीच्या दुकानात तोंडी सांगितलेल्या दराला तर अजिबात भुलू नये. ५० हजारांना दोन वर्षं ‘फक्त बारा टक्के’ म्हणजे १२ हजार व्याज, हप्ता २,५८३. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज पूर्ण ५० हजारांवर धरलेलं असतं. घटत्या मुदलावर मोजलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

शेकडा तीनवाल्याशी हिशेब मिटवताना एक कायदा खिशात असू द्यावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही आणि मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते. गावात राहायचं असतं, ओळखी असतात, म्हणून कोणी लगेच तक्रारीला जात नाही. मात्र दर माहीत असला की बोलणी वेगळ्या सुरात होतात. पैसे शक्यतो खात्यातून द्यावेत आणि दिलेला कोरा चेक, स्टँप किंवा चिठ्ठी त्याच बैठकीत परत घ्यावी. नंतर देतो म्हणाला तर शेवटचे पाच हजारही नंतरच द्यावेत.

पुढच्या आठवड्यात सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा उतरवण्याचं काम : बँकेचा बेबाकी दाखला, फेरफार, नोटीस, आणि तलाठी कार्यालयात न जाता ई-हक्कवरून होणारा अर्ज. आपापला चालू सातबारा काढून ठेवा. त्यावर आजोबांच्या काळातलं फिटलेलं कर्ज अजून दिसत असण्याची शक्यता बरीच आहे.