व्हिडिओ टाकला, शिकवून झालं?

सत्र सुरू झालं की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘स्वयम’वर अमुक अभ्यासक्रमाला नाव नोंदवा, श्रेयांक मिळतील. मुलं नाव नोंदवतात. पुढे त्या अभ्यासक्रमाचं काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही.

विचारायला हवं, कारण प्रकरण आता किरकोळ राहिलेलं नाही. केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ जुलै 2017 मध्ये सुरू झालं, तेव्हा एका सत्रातले 20 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन करायची मुभा होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ती 40 टक्क्यांवर नेली. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तरच शुल्क. तरीही नाव घालणारे पुष्कळ आणि तडीस नेणारे थोडे, ही या प्रकाराची जुनीच दुखरी बाजू. अमेरिकेतल्या एमआयटीने 2012 मध्ये सर्किट्सचा खुला अभ्यासक्रम काढला, तेव्हा 1 लाख 55 हजार जणांनी नोंदणी केली आणि उत्तीर्ण झाले जेमतेम 7 हजारांच्या आसपास.

मुलांना चिकाटी नाही, असा शेरा मारून मोकळं होता येतं. पण चिकाटीची परीक्षा पाहणारे व्हिडिओही कमी नाहीत. ‘एडएक्स’ या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांचे व्हिडिओ लोकांनी कसे पाहिले, याच्या 69 लाख नोंदी संशोधक फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी बहुतेकांचं लक्ष सहा मिनिटांपलीकडे फारसं टिकत नव्हतं. वर्गातलं तासाभराचं व्याख्यान नंतर कापून तुकडे केले, तरी ते रंगत नव्हतं. आणि महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा टेबलाशी बसून मोकळेपणाने बोलणारा शिक्षक लोक जास्त वेळ पाहत होते. आपल्याकडे मात्र निधी आला की आधी स्टुडिओ उभा राहतो.

काम कसं करावं, याचा नमुना पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. धडा साधारण दहा मिनिटांचा. आधी संहिता लिहायची, तीही दोन रकान्यांत: एकात पडद्यावर काय दिसणार ते, दुसऱ्यात काय बोलायचं ते. मग ती संहिता विषय नवखा असलेल्या माणसाकडे जाते. त्याने एकेक पायरी स्वतः करून पाहायची आणि तो जिथे अडेल तिथे संहिता सुधारायची. रेकॉर्डिंगचं नंतर बघू! विषय मुरलेल्या माणसाला आपण कोणती पायरी गाळली हे दिसतच नाही, म्हणून हा नवखा लाखमोलाचा. विद्यार्थी अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडतो, ऐकतो, थांबवतो, तसंच करून बघतो. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत, पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीच, कारण नोकरीत सॉफ्टवेअर इंग्रजीतच समोर येणार. नेट रडवत असेल तिथे धडे आधीच उतरवून घेता येतात.

आता दुसरी बाजू: ज्यांना दिसत किंवा ऐकू येत नाही, त्या विद्यार्थ्यांची. आलेख काढता काढता प्राध्यापक म्हणतात, ‘‘हे इथून असं खाली येतं आणि इथे त्याला मिळतं.’’ अंध विद्यार्थ्याच्या हाती यातून काय लागणार? ‘‘मागणीची रेषा खाली उतरते आणि पुरवठ्याच्या रेषेला छेदते’’ एवढं म्हटलं तरी काम भागतं, आणि त्याला दमडीही लागत नाही. टिपणांचंही तेच. वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ केली, की पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर गप्प बसतो. त्याला अक्षरं हवीत, तिथे नुसती चित्रं असतात. तोच मजकूर टाइप केला तर वाचता येतो, त्यात शब्द शोधता येतो, शिवाय फाइल हलकी झाल्याने मोबाइलचा डेटाही वाचतो. सबटायटल्स कर्णबधिरांसाठी खऱ्याच, पण प्राध्यापकांचं भराभर इंग्रजी ज्याच्या डोक्यावरून जातं, त्या मराठी माध्यमातल्या मुलालाही त्यांचाच आधार. फक्त ती यंत्रावर सोडून चालत नाहीत. विषयातले शब्द ऐकताना यंत्र हमखास घोळ घालतं आणि परीक्षेत नेमके तेच शब्द लागतात.

ही सोय नंतर बघू म्हटलं की काय होतं, ते बर्कलेत दिसलं. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची मोफत व्याख्यानं कर्णबधिरांना वापरता येत नाहीत, असं अमेरिकेच्या न्याय विभागाने 2016 मध्ये बजावलं. खर्च पेलवणार नाही म्हणून विद्यापीठाने 2017 मध्ये 20 हजारांहून अधिक रेकॉर्डिंग लोकांसाठी बंदच करून टाकली. कर्णबधिरांना काही मिळालं नाही आणि बाकीच्यांचंही गेलं. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 पासून आहे. ही उपकाराची बाब राहिलेली नाही.

एवढं करूनही एक जागा मोकळी राहते. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमात बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला 25 टक्के गुण साप्ताहिक गृहपाठाचे, त्यातही सर्वोत्तम आठच धरायचे, आणि 75 टक्के गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. रचना शहाणपणाची आहे. तरी गृहपाठाची उत्तरं ग्रुपवर फिरतात आणि मुलं ती डोळे मिटून भरतात, कारण अडलं तर विचारायला जवळ कोणी नसतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये निघालं. पुस्तकं घरपोच देऊन भागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून गावोगावी अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं ठेवली. आजची कॉलेजं ऑनलाइनच्या नावाखाली नेमका हाच भाग गाळतात आणि श्रेयांक तेवढे मोजतात. प्राचार्यांनी एवढं तरी करावं: अशा प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास, संगणक कक्ष उघडा आणि एक शिक्षक, ज्याच्या कार्यभारात तो तास धरला जाईल.

आणि विद्यार्थ्यांनो, नाव नोंदवण्याआधी पहिल्या आठवड्यातला एक धडा आवाज बंद करून पाहा, मग तोच पडद्याकडे न बघता ऐका. दोन्ही वेळा निम्माशिम्मा तरी कळला, तर अभ्यासक्रम घ्या. नाही कळला, तर त्याच विषयाचा दुसरा शोधा.