वाळवंटात थांबलेले स्वार

१२ जानेवारी २०२०. सौदी अरबस्तानात डकार रॅलीचा सातवा टप्पा चालू होता. २७६ व्या किलोमीटरवर भारताच्या हिरो संघाचा ४० वर्षांचा पोर्तुगीज मोटरसायकलस्वार पाउलो गोन्साल्विस कोसळला. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस शर्यत बाजूला ठेवून त्याच्याजवळ थांबला. हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेले, पण जीव वाचला नाही.

२०१६ च्या डकारमध्ये मॅथियास वाल्कनर या प्रतिस्पर्ध्याच्या मांडीचे हाड मोडले, तेव्हा हाच पाउलो त्याच्यासाठी थांबला होता.

आपली माणसे आखातात असतील आणि सुटीला वाळूत गाडी नेत असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगा: टेकडीच्या माथ्यापलीकडचा उतार दिसत नाही, वय वाढल्यावर मोडलेले हाड लवकर जुळत नाही. तिथे एकट्याने जाऊ नका. डॉक्टरच्या आधी सोबतीच पोहोचतो.