सावकाश पावलांचे कल्याण

कुटुंबाची सहल ठरू लागली की घरातील ज्येष्ठांचे एक वाक्य बहुधा ठरलेले असते : "तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळते." ऐकणाऱ्यांना तो समजूतदारपणा वाटतो आणि बेत पुढे सरकतो. तीस-एक वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मला मात्र या वाक्यामागे तीन भीती दिसत आल्या आहेत. लघवीला लागली तर कोठे जायचे, पाय घसरला तर काय, आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर? पहिल्या दोन दवाखान्याचे दार लोटल्यावर हळू आवाजात सांगितल्या जातात. तिसरी तेथेही सांगितली जात नाही.

हे वाक्य तीन-चार वेळा उच्चारले गेले की घरचे विचारणेच सोडून देतात. मग फिरण्याचा परीघ आक्रसू लागतो. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग सोसायटीचे फाटक. शेवटी गॅलरीतील खुर्ची तेवढी उरते. न वापरलेले स्नायू दुर्बळ होतात, तोल ढळू लागतो, आणि पडण्याच्या भीतीने घरी बसलेली व्यक्ती प्रत्यक्षात अधिक सहज पडू शकते. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याबरोबरच आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, हेही तिचेच सांगणे आहे. म्हणून ज्येष्ठांना सहलीला नेणे ही त्यांच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्यांच्या प्रकृतीची ती गरज आहे. अट एकच : त्या दिवसाचे माप सर्वांत सावकाश चालणाऱ्या पावलांचे असावे.

अशा दिवसासाठी लांब जायला नको. ठाणे आणि डोंबिवलीच्या वाचकांना जुने कल्याण हाकेच्या अंतरावर आहे, आणि कल्याणकरांच्या तर ते दारातच आहे.

दोन हजार वर्षांची पेठ

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या ग्रंथात 'कल्लिएना' या नावाने कल्याणच्या बंदराचा आणि पेठेचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि पुढे येथील खाडीत मराठ्यांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. एवढा इतिहास एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी भरपूर बसणे आणि दोन ठिकाणांमध्ये रिक्षा, एवढे पुरे.

सकाळ : दुर्गाडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी आठच्या आत दुर्गाडीला पोहोचावे. खाडीकाठच्या या लहानशा टेकडीवर देवीचे मंदिर आहे, खाली खाडी आणि पूल दिसतो. नवरात्रात येथे मोठी जत्रा भरते. तोल कमी झालेल्या व्यक्तीला त्या गर्दीत नेऊ नये, एरवीचा साधा दिवस निवडावा.

टेकडी लहान असली तरी चढण ती चढणच. पायरी चढताना सशक्त पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे, हात ओढू नये. चढताना बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की थांबावे. छातीत दडपण, दम किंवा जबड्यात वा हातात कळ आली तर "थोडे बसले की बरे वाटेल" म्हणून बेत रेटू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

ज्यांना वर चढणे झेपणार नाही त्यांनी खाडीकाठी खालीच बसावे. त्यांच्याजवळ घरातील एकाने थांबावे, आणि तो एक दर वेळी सूनच असू नये.

मंदिरात शिरताना आणखी एक गोष्ट. लख्ख उन्हातून अंधाऱ्या गाभाऱ्याकडे जाताना उतारवयातील डोळ्यांना सरावायला तरुण डोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर अधिकच. उंबरठ्यापाशी अर्धा मिनिट उभे राहून मगच पाऊल आत टाकावे. जमिनीवर बसून दर्शन घेतल्यास उठताना घाई करू नये. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर दाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी सरळ बसावे, पायांचे पंजे दहा-बारा वेळा हलवावेत, मग आधार घेऊन उभे राहावे आणि क्षणभर थांबून चालू लागावे.

पारनाका आणि सुभेदारवाडा

दुर्गाडीहून रिक्षाने जुन्या वस्तीत यावे. पेशवाईतील सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या नावाशी निगडित सुभेदारवाडा येथे आहे; त्या जागी आता शाळा भरते. पारनाक्याच्या गल्ल्यांतून हिंडताना मला दर वेळी आठवण होते ती डॉ. आनंदीबाई जोशी यांची. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही यमू. हिने १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाआधीच क्षयाने तिचे निधन झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज ते आहे आणि सरकारी केंद्रांत मोफत मिळते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला ज्येष्ठांनी "वयाचा" म्हणून अंगावर काढू नये, हे सांगायला याहून योग्य जागा नाही.

जुन्या वस्तीतील रस्ते सपाट नसतात. या दिवशी नवी चप्पल मुळीच नको. मागे पट्टा असलेली, न घसरणाऱ्या तळाची, पायाला सरावलेली पादत्राणे हवीत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर देवळात अनवाणी चालताना मोजे ठेवावेत, आणि घरी आल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कोणी तरी उजेडात पाहाव्यात.

बाजार : येथे वाटाड्या ज्येष्ठच

बाजार शेवटी ठेवू नये, दुपारच्या जेवणाआधी करावा. लक्ष्मी मार्केटचा भाजीबाजार आणि भोवतीची दुकाने भरपूर चालायला लावतात, म्हणून वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा धरावा. चालताना पोटऱ्या किंवा मांड्या दुखतात आणि बसले की थांबतात, असे दर वेळी होत असेल तर ते निव्वळ वार्धक्य नसते. रक्तवाहिन्या किंवा पाठीचा कणा तपासून घ्यावा.

बाजारात आजींच्या हाती पिशवी नव्हे, निवड द्यावी. अळूची कोणती पाने वडीला चालतात, सुरण कोणता खाजतो, वाल कडवे की गोडे, हे नातवंडांना सांगणारे घरात दुसरे कोणी नाही. दिवसभर "सांभाळून, हळू" एवढेच ऐकणाऱ्या माणसाला येथे काही सांगता येते. त्याचा त्याच्या मनावर होणारा परिणाम मी कोणत्याही गोळीने साधू शकलेलो नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत हे विशेष जाणवते. सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नाही, पण जुन्या आठवणी पुष्कळ काळ टिकून राहतात. ओळखीची गल्ली किंवा मसाल्याचा वास आला की त्या बोलू लागतात. त्यांनी साल चुकीचे सांगितले तर दुरुस्त करू नये. मात्र गर्दीत त्यांचा हात क्षणभरही सोडू नये. त्यांच्या खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे, आणि सकाळी निघताना त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. अंगावर कोणते कपडे होते हे संकटाच्या वेळी कोणालाच नेमके आठवत नाही.

पाणी, गोळ्या आणि तो न विचारलेला प्रश्न

आता लघवीविषयी. लघवीला जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या अनेक स्त्रिया माझ्याकडे संध्याकाळी चक्कर, पेटके किंवा लघवीची जळजळ घेऊन येतात. वाढत्या वयात तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाला चार घोट घ्यावेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते पाळावे.

स्वच्छतागृहाची सोय ही बेतातील पहिली ओळ असावी, शेवटची नव्हे. जेवायचे उपाहारगृह आदल्या दिवशीच ठरवावे आणि स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारावे. विचारण्याचे काम मुलाने किंवा सुनेने करावे. बाहेर पडल्यावर "जायचे का?" असे चारचौघांत न विचारता दर दोन तासांनी सहज तिकडे न्यावे. पॅड वापरण्यात कमीपणा नाही; पिशवीत एक जादा जोड असला की मन निर्धास्त राहते.

लघवी होण्याच्या गोळीचा परिणाम बहुधा चार ते सहा तास राहतो. सहलीच्या दिवशी ती आपल्या मनाने बंद करू नये. त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णालय गाठावे.

दुपार आणि तलाव

जेवणानंतर दोन तास विश्रांती हवीच. कल्याणात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे पाठ टेकावी. १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ज्यांना जुन्या दिवसांतले आठवते, त्यांना ऊन उतरल्यावर तेथवर अवश्य न्यावे. संध्याकाळी काळा तलाव, ज्याला आता भगवा तलाव म्हणतात, तेथे बाक आणि फिरण्याची वाट आहे. नातवंडांनी फेरी मारावी, आजोबांनी बाकावर बसून ती मोजावी. अंधार पडण्याआधी घर गाठावे.

ठाणे आणि अंबरनाथ

हाच नियम अन्यत्रही लागू पडतो. ठाण्यात मासुंदा तलाव, काठचे कोपिनेश्वर आणि जांभळी नाक्याचा बाजार हे सारे एकमेकांना लागून आहे. कोपिनेश्वराच्या मंदिराची उभारणीही बिवलकरांनीच १७६० च्या सुमारास केली, म्हणजे कल्याणचा धागा येथे पुन्हा हाती लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला आली, ते ठाणे हेच. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचे; पण तेथील गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून जावे लागते. गुडघे साथ देत नसतील तर सभामंडपातूनच नमस्कार करावा आणि उरलेला वेळ बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यात घालवावा.

सांभाळणाऱ्यांसाठी

सोबत्यांचाही हा सुट्टीचा दिवस आहे, हे विसरू नये. औषधांची पिशवी, हात धरणे, रिक्षा पाहणे ही कामे वाटून घ्यावीत आणि प्रत्येकाला तासभर मोकळा मिळावा. एकट्याने सारा भार वाहणाऱ्यांना सल्ला हवा असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा विनामूल्य राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

दिवस नीट पार पडला की नाही, याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पाय थोडे दुखतात, पण बोलण्यात कालच्या गोष्टी आहेत, तर माप बरोबर बसले. दोन दिवस अंथरूण धरावे लागले तर पुढच्या वेळी तीनऐवजी एकच ठिकाण घ्यावे. मात्र ही पुढची वेळ महिन्याच्या आत यावी, आणि तिची तारीख ज्येष्ठांनाच ठरवू द्यावी.